विशेष मुलांना काम शिकवताना मदत कधी थांबवायची

17 वर्षांची ती मुलगी टॉवेलची घडी अशी घालायची की कडेवर कड बसायची. मी विशेष मुलांच्या शाळेत व्यवसाय विभागात शिकवते. घड्या घालण्यात माझ्या वर्गात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. एकदा तापामुळे मी दोन दिवस रजेवर होते. परत आले तर बदलीवर आलेल्या शिक्षिका म्हणाल्या, "ताई, ती काहीच करत नाही हो. टॉवेल एकदा दुमडला आणि तशीच बसून राहिली, थेट शाळा सुटेपर्यंत." मी विचारलं, बघत कुठे होती? म्हणाल्या, टेबलाच्या उजव्या कोपऱ्याकडे.

त्या कोपऱ्यावर मी बोटाने टकटक करायचे. प्रत्येक घडीनंतर, आठ महिने. मला वाटत होतं मी तिला आठवण करून देते आहे. तिच्या लेखी ती टकटक कामाचीच एक पायरी होती. दुमडायचं, हात फिरवायचा, टकटक ऐकायची, मग पुढे जायचं. टकटक झालीच नाही, म्हणून ती थांबली. तिने काम चोख केलं होतं. चुकीचं शिकवलं होतं ते मी.

काम तर मी त्याआधीही शिकवत होते. मदत काढून कशी घ्यायची हे मात्र मला त्या मुलीने शिकवलं. घरी आई-बाबा शिकवत असोत की शाळेत शिक्षक, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात असं मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे. म्हणून बाकीचंही सांगणार आहे, पण रेंगाळणार इथेच.

काम निवडताना

आधी आठवडाभर नुसतं बघा. मूल आपणहून कशाकडे जातं, कशापाशी टिकतं, कशाने कावतं, ते वहीत टिपा. चपला ओळीत लावत बसणारा मुलगा माझ्याकडे "हट्टी" म्हणून आला होता. पुढे कपाटातल्या वस्तू खुणेप्रमाणे लावण्याचं काम त्याच्याइतकं कुणालाच जमलं नाही. पाण्यात हात घालायला आवडणाऱ्या मुलाला बाटल्या धुणं, झाडांना पाणी घालणं, गाडी पुसणं लवकर येतं. ज्याला बसवत नाही त्याला बसायची सक्ती करू नका. ट्रॉली ढकलणं, या खोलीतून त्या खोलीत सामान पोचवणं, झाडणं, ही कामं त्याच्यासाठीच आहेत. "अशा मुलांची कामं" म्हणून ठरून गेलेली एक यादी असते आणि दरवर्षी सगळ्यांना तीच दिली जाते. ती यादी बाजूला ठेवा.

वयाचा मान राखा. 17 वर्षांच्या मुलाच्या हातात रंगीत मणी आणि दोरा देऊन त्याला "पूर्वतयारी" म्हणू नका. बोटांना वळण लागायला हवं असेल तर नट-बोल्ट आहेत, कपड्यांचे चिमटे आहेत, कुलूप-किल्ली आहे. पूर्वतयारीतच वयाची विशी ओलांडलेली मुलं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. काम करता करताच कामाची तयारी होते.

तब्येतीचं आधी विचारून घ्या. फिट्स येत असतील तर धारदार पात्याचं यंत्र, उंचावरचं काम, उकळतं पाणी यांच्यापासून दूरच ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांचे मानेचे वरचे मणके सैल असतात, त्यामुळे जड उचलण्याचं काम देण्याआधी डॉक्टरांचा सल्ला हवा. या मुलांमध्ये ऐकू कमी येणंही बऱ्याचदा आढळतं. "ऐकत नाही" म्हणण्याआधी कान तपासून घ्या. काही औषधांनी सकाळी गुंगी असते. अशा मुलाला अकरा वाजता शिकवा, आठला नको.

आणि काम खरं असू द्या. एका मुलाने सकाळभर बसून 30 पाकिटं भरली होती. दुपारी सरावासाठी पुन्हा लागतील म्हणून मी त्याच्यासमोरच ती टेबलावर रिकामी केली. तो काही बोलला नाही, बोलायचाच नाही तो फारसा. दुसऱ्या दिवशी त्याने पाकिटांना हात लावला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आपण केलेलं कुणाच्या उपयोगाचं नाही हे त्याला कळलं होतं. घरी तर ही अडचण येतच नाही. घरात रोज करावंच लागतं आणि केलं नाही तर कुणाचं तरी अडतं, असं एक काम निवडा आणि ते त्याच्या नावावर करून टाका. नंतर स्वतः गुपचूप उरकून टाकू नका.

कामाचे तुकडे

काम मोडून पायऱ्या करायच्या, हे सगळेच सांगतात. पायऱ्या डोक्याने लिहिल्या की निम्म्या सुटतात, कारण आपल्या हातांना त्या पाठ असतात. मी काम आधी डाव्या हाताने करून बघते. डावा हात जिथे अडखळतो तिथे एक पायरी असते. मग लिहिलेला कागद अशा माणसाला देते ज्याला ते काम माहीत नाही, आणि सांगते की लिहिलंय तेवढंच कर. टॉवेलच्या घडीच्या माझ्या पहिल्या कागदावर चार पायऱ्या होत्या. दोन वेळा असं केल्यावर त्या नऊ झाल्या:

1. ढिगातून एकच टॉवेल घे.
2. टेबलावर ठेव.
3. दोन्ही तळव्यांनी पसर.
4. लांबचे दोन कोपरे चिमटीत धर.
5. जवळच्या कोपऱ्यांवर आणून ठेव.
6. हात फिरव.
7. डावी कड उजव्या कडेवर आण.
8. हात फिरव.
9. दोन्ही हातांनी उचलून ट्रेमध्ये ठेव.

"एकच" हा शब्द पहिल्या कागदावर नव्हता. ओले-दमट टॉवेल एकमेकांना चिकटतात आणि दोन उचलले की पुढचं सगळं बिघडतं. चिमटी जमत नसेल तर चौथ्या पायरीचे आणखी दोन तुकडे होतील. कुणाला नऊच्या जागी पाचच लागतील. कागद मुलाप्रमाणे बदलतो.

1970च्या दशकात अमेरिकेत मार्क गोल्ड नावाच्या शिक्षकाने मध्यम ते तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना सायकलचा ब्रेक जोडायला शिकवला. त्यात 15 सुटे भाग होते. ज्यांच्याकडून कुणी काही अपेक्षाच ठेवत नव्हतं, ते हे काम शिकले, आणि नंतर 24 भागांचा ब्रेकही जोडायला शिकले. त्याने भाग खणांच्या ट्रेमध्ये क्रमाने मांडले आणि काही जणांसाठी भागाची जी बाजू आपल्याकडे यायला हवी तिच्यावर लाल रंग लावला. बोलणं त्याने अगदी कमी ठेवलं. मूल शिकत नसेल तर आपली शिकवण्याची पद्धत बदलायची, हा त्याचा आग्रह होता. माझ्या वर्गात तो लाल रंग अजून आहे. टॉवेलच्या एका कोपऱ्याला लाल दोऱ्याचा टाका घातलेला असतो, तो टाका वर दिसायला हवा.

शेवटापासून सुरुवात

नवीन काम मी बहुतेक वेळा उलटं शिकवते. पहिल्या आठ पायऱ्या मी करते आणि नववी, म्हणजे उचलून ट्रेमध्ये ठेवणं, मूल करतं. ते जमलं की शेवटच्या दोन त्याच्या, मग तीन. यात मुलाला पहिल्याच दिवशी काम पूर्ण केल्याचं समाधान मिळतं, आणि नवीन पायरीनंतर दर वेळी ओळखीचा रस्ता येतो. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल दमतं ते नेमकं अनोळखी भागात येऊन. मात्र मधल्या पायऱ्या बऱ्याचशा आधीच येत असतील तर उलटं जायची गरज नाही. मग सगळं काम एकत्रच करू द्या आणि अडेल तिथेच मदत करा.

मदत आणि ती काढून घेणं

मदतीचे प्रकार साधे आहेत. हाताला हात धरून करवणं, मनगटाला किंवा कोपराला हलका स्पर्श, करून दाखवणं, बोट दाखवणं, बोलून सांगणं, आणि नुसतं थांबून बघणं. नवशिक्या मुलाला किंवा चूक झाली तर इजा होईल अशा कामात जास्त मदतीने सुरुवात करून ती कमी करत जा. थोडंफार येणाऱ्याला आधी काहीच मदत देऊ नका, थांबा, मग लागेल तेवढीच द्या. हात धरण्याआधी मुलाला सांगा. ते हात आखडून घेत असेल तर धरू नका. आपल्या हाताखाली त्याचा हात ढकलण्याऐवजी आपला हात खाली ठेवून त्याचा वर येऊ द्या, मग त्याला वाटेल तेव्हा हात काढून घेता येतो.

बोलून सांगणं ही सगळ्यात सौम्य मदत आहे असं वाटतं, पण काढायला सगळ्यात अवघड तीच असते. हात काढलेला आपल्याला कळतो, जीभ मात्र चालूच राहते. "हं, आता पुढे काय? बघ बरं, कोपरा कुठाय? शाब्बास, आता?" असं आपण दिवसभर बोलत राहतो आणि मूल त्या "आता?"ची वाट बघायला शिकतं. मी पालकांना दहा मिनिटांचं काम मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगते आणि आपण किती वेळा बोललो ते मोजायला लावते. मोजल्यावर बहुतेक जण गप्प होतात. सुरुवातीला एकदाच सांगा, दर वेळी त्याच शब्दांत: "घड्या घाल." मग मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. दहा आकडे फार लांब वाटतात. पण मुलाला ऐकलेलं समजून घेऊन हात हलवायला तेवढा वेळ लागू शकतो, आणि आपण तिसऱ्या आकड्यालाच बोलून त्याचा विचार मध्येच तोडतो.

त्या मुलीची टकटक आम्ही अशी काढली. पहिल्या आठवड्यात टकटक तीच ठेवली, पण घडीनंतर दोन सेकंद थांबून. मग चार सेकंद, मग सहा. सहाव्या सेकंदाच्या आत ती कधी कधी आपणहून पुढे जायला लागली, आणि तेव्हा टकटक करायचीच नाही असं ठरलं. जिथे करावी लागे तिथे आवाज काढून टाकला, बोट फक्त टेकवायचं. नंतर बोट हवेतच ठेवायचं, नंतर हात मांडीवर. मग मी खुर्ची हलवायला लागले. आधी शेजारी, मग तिच्या खांद्यामागे, मग दोन हात मागे, मग दारापाशी. दारापाशी गेले त्या दिवशी तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि थांबली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. आतून फार वाटत होतं की मान हलवून "हो" म्हणावं, पण ती मान हलवणं म्हणजे नवी टकटकच झाली असती. तिने टाक्याचा लाल कोपरा बघितला, वर आणला आणि पुढची घडी घातली. या सगळ्याला 11 आठवडे लागले. लावायला आठ महिने लागले होते, त्यामानाने लवकरच.

माणसाची मदत काढायची तर तिच्या जागी काहीतरी ठेवावं लागतं, नाहीतर मूल उघड्यावर पडतं. ते काहीतरी म्हणजे वस्तू. ट्रेच्या तळाला टॉवेलच्या आकाराची चौकट आखली की घडी बरोबर झाली का हे चौकटच सांगते. मोजता येत नसेल तर दहा खाचांची पट्टी करा. सगळ्या खाचा भरल्या की दहा झाले. एकाच हाताने काम करणाऱ्या मुलाचा ट्रे सरकत असेल तर खाली ओलं, घट्ट पिळलेलं फडकं घाला. पाय जमिनीला टेकलेले आणि टेबल कोपराच्या उंचीला असलं की हाताचा थरथराट कमी व्हायला मदत होते. पायऱ्यांचे फोटो त्या मुलाच्याच हातांचे काढा. दुसऱ्याच्या हातांपेक्षा आपले हात मुलं लवकर ओळखतात. साचा, चौकट, फोटो हे कायम राहिले तरी चालतं. ते कामावर सोबत नेता येतात, ताईला नेता येत नाही.

ऑटिझम असलेल्या मुलांसाठी टीच या पद्धतीतून घेतलेली मांडणी मी सगळ्यांनाच वापरते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात 1972 साली हा कार्यक्रम सुरू झाला. कामाची जागा बघूनच मुलाला चार गोष्टी कळायला हव्यात: काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं कळेल, आणि संपल्यावर पुढे काय. डावीकडे न केलेलं, मध्ये करायची जागा, उजवीकडे झालेलं. डावी बाजू रिकामी झाली की काम संपलं. उजव्या ट्रेशेजारी पुढच्या गोष्टीचं चित्र, झोपाळ्याचं किंवा हेडफोनचं. "किती" हे कळलं नाही की मुलं कावतात, आणि त्याला आपण कंटाळा म्हणतो.

चुकल्यावर

चूक पूर्ण होऊ देऊ नका. हात चुकीच्या कोपऱ्याकडे जायला लागला की तिथेच थांबवा, एक पायरी मागे घ्या आणि बरोबर करू द्या. "नाही, नाही, असं नाही" म्हणण्यात वेळ जातो आणि कळत काहीच नाही. तीच चूक तीनदा झाली तर मुलाला सोडा आणि कागद बघा. एक पायरी राहिलेली असते.

कौतुक कशाचं ते स्पष्ट सांगा. "कोपरा बरोबर बसवलास." टाळ्या नकोत, मोठ्या माणसांना कामावर कुणी टाळ्या वाजवत नाही.

वही

रोज सगळं लिहू नका, टिकत नाही. आठवड्यातून दोन दिवस, पहिलीच फेरी. प्रत्येक पायरीपुढे एक अक्षर: स्वतः केलं तर "स्व", बोट दाखवावं लागलं तर "बो", सांगावं लागलं तर "सां", हात धरावा लागला तर "ह". महिन्याने वही उघडली की दिसतं. सगळीकडे "स्व" आणि सातव्या पायरीला चार आठवडे "सां" असेल, तर तिथे मूल अडकलेलं नसून आपण अडकलेले असण्याची शक्यता जास्त. त्या आठवड्यात सातव्या पायरीला तोंड बंद ठेवून बघा. माझा नियम असा: लागोपाठ तीन नोंदींत सगळं "स्व" आलं की जागा बदलायची.

जागा बदलल्यावर

जागा बदलली की आलेलं काम येईनासं होतं. पालक घाबरतात, "विसरला" म्हणतात. तो विसरलेला नसतो. त्याने निळा टॉवेल, खिडकीजवळचं टेबल आणि ताई असं सगळं मिळून काम शिकलेलं असतं. स्टोक्स आणि बेअर या दोन अभ्यासकांनी 1977 मध्ये हेच मांडलं होतं, की एका जागी शिकवून ते सगळीकडे आपोआप पोचेल या आशेवर बसू नये, पोचवण्याचंही वेगळं शिकवावं लागतं. म्हणून पहिल्यापासूनच टॉवेल वेगवेगळ्या रंगांचे आणि मापांचे घ्या. दर आठवड्याला सांगणारं माणूस बदला, आज आई, उद्या मामा, परवा शेजारच्या काकू. उभं राहून करू द्या, दुसऱ्या खोलीत करू द्या, रेडिओ चालू असताना करू द्या. शाळा आणि घर दोन्हीकडे शब्द मात्र एकच ठेवा. शाळेत "घड्या घाल" आणि घरी "आवर" असेल तर मुलासाठी ती दोन कामं झाली.

कामाइतकंच महत्त्वाचं

काम हातचं सुटतं ते बहुतेकदा कौशल्य कमी पडल्याने सुटत नाही. "झालं" सांगता न येणं, "मदत हवी" म्हणता न येणं, "थांबू का थोडं?" विचारता न येणं, आणि "नाही" म्हणता न येणं, यामुळे सुटतं. बोलता येत नसेल तर चार कार्डं कमरेला अडकवा. ती वापरायची वेळ मुद्दाम आणा: ट्रेमध्ये टॉवेल कमी ठेवा आणि तो मागतो का बघा. मागितलं की लगेच द्या, तेव्हा उशीर करू नका. "नाही" हे कार्ड शिकवताना पालक बिचकतात, ऐकणारच नाही म्हणतात. पण कुणी अंगाला हात लावला, कुणी पैसे मागितले, कुणी दुसऱ्याचं काम लादलं, तर या मुलांकडे तेवढाच एक शब्द असतो. घरातही त्याच्या "नाही"ला अधूनमधून मान मिळाला, तरच तो बाहेर ते म्हणू शकेल.

कामाचे पैसे मिळायला लागले की ते त्याच्या हातात द्या, आणि त्यातून काय घ्यायचं ते त्यालाच ठरवू द्या.

ती मुलगी आता एका लॉन्ड्रीत घड्यांच्या टेबलावर काम करते. पहिला आठवडा मी रोज गेले. दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस, तिसऱ्यात एकदाच, दारापर्यंत. तिथल्या सुपरवायझरबाईंना मी मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद दिला, तो त्यांनी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. त्यावर एवढंच आहे: "सकाळी एकदाच सांगा, 'घड्या घाल.' लाल टाका वर आला पाहिजे, हे तिला माहीत आहे. थांबली तर मनात दहा मोजा. तरीही थांबलेलीच असेल तर टॉवेलच्या कोपऱ्याकडे बोट दाखवा. पिवळं कार्ड दाखवलं तर तिला पाच मिनिटं बसू द्या. टेबलावर वाजवू नका."